भिंत सुकेपर्यंत

नव्या इमारतीचा गिलावा ओला असतो आणि ओल्या खोलीला कोणी भाडं देत नाही. म्हणून त्या काळी मालक आधी गरिबांना फुकट राहायला ठेवत. खोलीत चार-पाच माणसं घातली, शेगडी पेटवली, की त्यांच्या धगीने आणि श्वासाने चुना लवकर धरतो, असं गवंडी सांगत. भिंत सुकली, की माणसं बाहेर. लोक त्यांना ‘सुकवे’ म्हणत. ते स्वतःला भाडेकरू म्हणत. तेवढी हौस कोणाला नसते?

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत सासू, मुलगा आणि नववा महिना लागलेली सून होती. मुकादम दर आठवड्याला येऊन भिंतीला पालथा हात लावायचा, वैद्याने ताप बघावा तसा.

“आजी, पुढच्या खेपेपर्यंत सुकेल असं दिसतंय हं. छान श्वास घेता तुम्ही लोक!”

“पुढची इमारत कधी तयार होणार, दादा?”

“दोन महिने तरी नाही. अजून जिना व्हायचाय.”

म्हणजे बाळंतपण रस्त्यावर. सासूने चार घरची धुणी धुऊन हात झिजवले होते, पण डोकं शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी मुलगा कामावर गेल्यावर तिने बादलीत फडकं बुडवलं आणि भिंत खालपासून वरपर्यंत ओली केली.

“आई, आधीच मला खोकला धरलाय. त्यात हे कशाला?”

“खोकल्याला काढा देईन. रस्त्याला काय देऊ? पोर होईपर्यंत ही भिंत सुकता कामा नये.”

रोज दुपारी भिंतीला पाणी. कोपऱ्यात काळी बुरशी धरली. अंथरूण पिळावं इतकं दमट झालं. सून रात्रंदिवस खोकायची आणि सासू म्हणायची, “खोक बाई, पण आत खोक.”

पुढच्या खेपेला मुकादमाने हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग खिशातून यादी काढली.

“अख्खी इमारत सुकली. वरच्या शिंपिणीची तर आठ दिवस आधीच. तुमचीच तेवढी रडतेय. मालकाने नदीपलीकडे दुसरीच एक नवी इमारत घेतलीय, सगळ्यांना उद्यापासून तिकडे धाडायला सांगितलंय. तुम्हाला सोडून. ज्यांच्याने सुकत नाही त्यांना तिकडे नेऊन काय करू? इथे आता आठ जणांचं धट्टंकट्टं घर घालतो.”

सासूच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो दादा, कोरडीच होती हो भिंत! मीच रोज पाणी मारलं! सुनेकडे बघा ना!”

मुकादमाने सुनेकडे बघितलं. मग पेन्सिल जिभेला लावली.

“हे खरं असेल तर मालकाच्या गिलाव्याची नासाडी केलीत, भरपाई लागेल. खोटं असेल तर नुसतीच फुप्फुसं निकामी. काय लिहू?”

सून खोकली.

“फुप्फुसं लिहा,” सासू म्हणाली.

संध्याकाळी मुलाने अंथरुणाची वळकटी खांद्यावर घेतली. दुसऱ्या मजल्यावर सुनेला कळ आली. ती पोट धरून पायरीवर बसली आणि भिंतीला डोकं टेकवायला गेली.

“ए बाई, टेकू नकोस!” मुकादम खालून ओरडला. “आजच रंग दिलाय.”