ठमाबाईच्या पिल्लांची गादी

आमचा दादा गाद्या भरतो. जन्मात त्याने दुसरं काही केलेलं नाही, त्यामुळे कुठल्याही दुखण्यावर त्याच्याकडे औषध एकच: आणखी थोडा कापूस. मी त्याची धाकटी बहीण. मी खोळी शिवते आणि त्याने घातलेले घोळ निस्तरते. दुसरं काम जास्त असतं.

दुकानामागे पत्र्याची शेड आहे. तिथे आमची सशाची मादी राहते, ठमाबाई. यंदा ऐन उन्हाळ्यात, पत्र्याला बोट लावलं तर फोड यावा अशा दिवसांत, बाईसाहेबांनी पाच पिल्लं घातली. उघडीनागडी, डोळे मिटलेली, अंगठ्याएवढी.

दादाने ती पाहिली मात्र, लगेच पिंजलेला कापूस घेऊन आला. खोक्यात तळाला एक थर, कडेने एक थर आणि वरून पांघरूण. मी म्हटलं, "अरे, उकडून मरतील ती." तर म्हणतो, "लेकरांना मऊ लागतं. तू तुझ्या खोळी शिव."

मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पिल्लं एकमेकांपासून लांब सरकायला लागली की समजा, त्यांना उकडतंय. कापूस सगळा काढा. आईने उपटलेले केस असतील, तेवढे थोडे पुरेत. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवा, ओल्या हाताने तिचे कान पुसा. आणि हयगय केलीत तर या उन्हात एकही पिल्लू हाती लागणार नाही." मी हे दादाला शब्दन् शब्द सांगितलं. त्याने विचारलं, "बाईंनी आजवर किती गाद्या भरल्यात?"

आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? बर्फाची बाटली तेवढी त्याने ठेवू दिली. बाकीचं मी गुपचूप सुरू केलं. तो गिऱ्हाइकाशी बोलायला पुढे गेला की मी मूठभर कापूस उचलायची आणि शिवायला घेतलेल्या अभ्र्यात कोंबायची. तो मागे आला की पुन्हा भरायचा. दोन दिवस हेच चाललं. "ठमे, कापूस खातेस होय गं?" असं म्हणून त्याने तिला बोट नाचवून दम दिला. मी खाली मान घालून टाके घालत होते. चोरीच्या कापसाची छान उशी झाली, आणि दादाने ती "बघा, कशी भरलीय" म्हणत स्वतःच विकली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोळी पोचवायला गेले. परत येऊन बघते तर खोकं काठोकाठ भरलेलं. ठमाबाई आडवी पडून तोंडाने धापा टाकत होती. दोन पिल्लं कापसातून वर येऊन कडेला चिकटलेली, आणि सगळ्यात लहान होतं ते हलतच नव्हतं. मी कापसात हात घातला तर दादाने माझं मनगट धरलं.

"गेल्या थंडीत ठमीला दोनच झाली होती नि तीही गेली, असं सांगितलं ना मी तुला," तो म्हणाला. "सहा होती. घाईची ऑर्डर होती, मी म्हटलं कापूस उद्या घालू. सकाळी सगळी ताठ झालेली. आता मी नाही काढू देणार."

मला वाईट वाटलं, खूपच वाईट वाटलं. पण मी रडत बसून पिल्लं गार होणार नव्हती. मी म्हटलं, "ठीक आहे. ती नवी जाड रजई घे आणि इथेच झोप. शंभर मोजेपर्यंत राहिलास तर मी एका तंतूलाही हात लावणार नाही."

स्वतःच्या रजईवर बोट ठेवलेलं दादाला कधीच खपत नाही. तो झोपला, डोक्यावरून रजई ओढून मोजायला लागला. तोवर मी दोन्ही हातांनी कापूस उपसत होते. तो प्रामाणिकपणे मोजत होता, मी नव्हते. पस्तिसाला आवाज दबला, बावन्नला रजई उडाली. घामाने निथळत तो उठला, माझ्या मागचा कापसाचा ढीग बघितला आणि म्हणाला, "तळाचाही काढ."

खोकं आम्ही आत दुकानात आणलं, माझ्या मशीनखालच्या गार फरशीवर. दादाने हात ओला करून ठमाबाईचे कान पुसले, पुन्हा पुन्हा पुसले. लहानग्याला तळव्यावर घेऊन हळूहळू वारा घालत राहिला. किती तरी वेळाने पिल्लाने एक पाय झटकला. दादा माझ्याकडे बघून हसला आणि मग रडला.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. दादा खोक्याशेजारी फरशीवर गाल टेकून पडला होता.

"काय गादीवाले, तुम्हीच फरशीवर?"

"हळू बोला," दादा म्हणाला. "गादी थंडीत न्या. आत्ता मी पिल्लं मोजतोय."

पाच पिल्लं मोजायला त्याला अख्खी संध्याकाळ लागली.