बेंचचे आठ आकडे
अंबरनाथच्या एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात संजीवनी जाधव टेस्टिंग बघायची. तयार झालेला प्रत्येक पंप तिच्या बेंचवर चढायचा. पाण्याचा दाब, प्रवाह, तापमान असे आठ आकडे कॉम्प्युटरवर यायचे, ते जुळले की मगच पंप बाहेर जायचा. एका सोमवारी ते आकडे आलेच नाहीत. सेन्सर चांगले होते, वायरी चांगल्या होत्या. सेन्सरचे सिग्नल कॉम्प्युटरला वाचून देणारं कार्ड तेवढं जळालं होतं.

ते कार्ड बनवणाऱ्या कंपनीने ते कधीच बंद केलं होतं. मालक कल्पेश म्हणाला, अख्खा बेंच भंगारात काढू, नवीन येईपर्यंत पंप तपासायला पुण्याला पाठवू. संजीवनीने त्या बेंचवर तेरा वर्षं काढली होती. तिने आठ दिवस मागून घेतले.

पहिले दोन दिवस उल्हासनगरात गेले. जुने कॉम्प्युटर सुटे करून विकणाऱ्या एका सिंधी दुकानदाराने तिच्यासाठी तीन खोकी जमिनीवर उपडी केली. त्यात एक कार्ड अगदी तसंच निघालं. तिने ते ओढणीत गुंडाळून आणलं, खाचेत बसवलं, पण कॉम्प्युटर त्याला ओळखेना. परत द्यायला गेली तेव्हा दुकानदाराने तिला बसवून चहा दिला आणि म्हणाला, "ताई, यही कार्ड क्यूं चाहिए? काम बताओ ना, क्या पढना है उसको?"

परतीच्या रिक्षात संजीवनी त्याचाच विचार करत होती. वाचायचे होते फक्त आठ सिग्नल. ते कोण वाचतं, याच्याशी बेंचला काय देणंघेणं? घरी पोचायच्या आत तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं: किती सिग्नल, सेकंदाला किती वेळा, किती व्होल्टपर्यंत. ती यादी तिने चार ठिकाणी फोनवर वाचून दाखवली. ठाण्याच्या एका विक्रेत्याकडे यूएसबीने जोडायची, तळहाताएवढी डबी मिळाली. जुनं कार्ड, वायरी जोडायची त्याची हिरवी पट्टी, सगळं काढून तिने डबी जोडली, सोबतच्या प्रोग्रॅममध्ये आठ नावं भरली आणि पंप चालू केला. पाइपावरचा दाबाचा काटा चारवर होता. स्क्रीनवरचे आठही आकडे मात्र वरच्या टोकाला जाऊन चिकटले.

सहाव्या दिवशी ती बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला अनंता भोईरकडे गेली. बेंचचं मूळ वायरिंग त्याचं. रिटायर होऊन तो आता शेती बघत होता. वालाच्या शेंगा तोडता तोडताच त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, जुन्या कार्डासोबतची हिरवी पट्टी कुठे आहे? कपाटात ठेवली, ती म्हणाली.

अनंता हसायला लागला. "मंग बराबर हाय गो. तुजे सेन्सर देतान करंट, आनि डबी मांगते व्होल्ट. त्या पट्टीवं मी आठ रेझिस्टर लावलेले. तेच करंटाचे व्होल्ट करून देत."

शर्ट बदलून तो तिच्याबरोबरच निघाला, हातात शेंगांची पिशवी. जुनी पट्टी डबीला बसणार नव्हती, म्हणून तसेच आठ रेझिस्टर वाटेत बदलापुरात घेतले. अनंताला आता बारीक दिसत नव्हतं, म्हणून सोल्डरिंगचा डाग कुठे द्यायचा ते त्याने सांगायचं आणि संजीवनीने द्यायचा, असं दोघांनी ते काम केलं. कल्पेशही येऊन उभा राहिला.

पंप चालू झाला. काटा चारवर, स्क्रीनवर चार पॉइंट शून्य एक. मग प्रवाह जुळला. तापमानाच्या वेळी अनंताने पंपावर हात ठेवला, चाळीस असेल म्हणाला, आणि एकेचाळीस आलं. आठवा आकडा जुळला तेव्हा संजीवनीला हसू आवरेना. सोल्डरिंग गन हातात तशीच होती, ती ठेवायचंही तिला सुचलं नाही.

कल्पेशने तिथूनच पुण्याला फोन करून पंपांची गाडी पाठवत नसल्याचं कळवलं. मग त्याने नव्या जोडणीचं ड्रॉइंग करायला सांगितलं, खाली तिचं आणि अनंताचं नाव घालून. त्या दिवशी टेस्टिंगमध्ये सगळ्यांनी वडापाव खाल्ले.

डबीवर अजून आठ जागा रिकाम्या आहेत हे अनंताने हेरलं होतं. जाताना हळूच त्याने विचारलं, विहिरीचं पाणी रोज किती उतरतं ते अशा डबीला कळेल का. संजीवनी म्हणाली, का नाही कळणार, काका, एक सेन्सर पुरे.

पुढच्या रविवारी नवऱ्याच्या, धम्मदीपच्या स्कूटरवर मागे बसून ती बारवीच्या रस्त्याला निघाली, पिशवीत तशीच एक डबी आणि सेन्सर, मांडीवर वायरचं भेंडोळं घेऊन. अनंताची बायको सखू रस्त्यापर्यंत येऊन उभीच होती. विहीर बघायला अर्धा पाडाही जमला होता.