गवतावरची पावलं

तणनाशकाच्या बाबतीत कुणी हलगर्जीपणा केलेला मामांना खपत नसे. फुटबॉलच्या त्या मैदानाची निगा राखण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं आणि खेळाडूंपासून सेक्रेटरीबाईंपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. औषधाची बाटली कुलपात, फवारणीचा पंप फक्त त्याच कामाला, आणि वारा सुटला की फवारणी बंद.

"हे औषध आपलं-परकं ओळखत नाही," ते माळ्यांना बजावत. "हिरव्या पानातून आत शिरतं आणि थेट मूळ गाठतं. तणावर पडलं तर तण मरेल, माझ्या गवतावर पडलं तर गवत. आणि लगेच कळतही नाही. आठवडाभर सगळं छान दिसतं, मग पिवळं पडायला लागतं."

त्या दिवशी ते कुंपणालगतच्या खडीवर फवारत होते. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पायांत गमबूट, सगळं यथासांग. तण चिंब भिजलं, त्यातूनच फिरल्यामुळे बूटही भिजले. आता नळावर जाऊन ते धुवायचे, मगच गवतावर पाय ठेवायचा, हा त्यांचाच नियम.

तेवढ्यात मैदानापलीकडच्या खोलीची खिडकी उघडली. तिथे जाळीबाई बसत. गोलाच्या जाळ्या विणणं, फाटलेले चेंडू शिवणं हे त्यांचं काम. मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाळीबाईंनी लग्नच केलं नव्हतं. दोघांची रोज दोन वाक्यं होत. गेले कित्येक महिने मामा तिसरं वाक्य जुळवत होते.

"मामा, चहा घेणार का?" जाळीबाईंनी हाक मारली.

मामा नळ विसरले. पंप तिथेच ठेवून ते नाकासमोर निघाले, ते थेट गवतावरून.

"ते हातमोजे घालून कपाला हात लावू नका," जाळीबाई म्हणाल्या. "आधी हात धुवा, मग या."

"हो, हो," मामा म्हणाले आणि जागच्या जागी चुळबुळत उभे राहिले. "मी काय म्हणत होतो..." "ती डावीकडची जाळी जरा सैल वाटते," असं काहीतरी बोलून ते परत फिरले. चहा राहूनच गेला.

आठवड्याने गवतावर पिवळे ठिपके दिसू लागले आणि बघता बघता त्यांची पावलं झाली. कुंपणापासून निघालेली, मैदान तिरकं कापून खिडकीखाली पोचलेली. तिथे तर बुटांच्या दोन्ही तळव्यांची जागा पार करपली होती.

सेक्रेटरीबाईंनी कपाळाला हात लावला. "कुंपणावरून कुणीतरी आत उतरलंय. जाळ्या चोरायला आला असणार. पोलिसांना कळवायला हवं."

मामांची मुलगी वडिलांचा डबा द्यायला आली होती. तिने पावलांकडे नीट पाहिलं. उजवं पाऊल दर वेळी बाहेर फाकलेलं होतं. मग तिने वडिलांच्या पायांकडे पाहिलं.

मामांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "पोलीस नकोत," ते म्हणाले. "मीच तो. बूट न धुता गवतावर आलो. चूक झाली."

"तुम्ही?" सेक्रेटरीबाईंचा विश्वास बसेना. "एवढी काय घाई होती? आणि इथे येऊन इतका वेळ करत काय होता?"

खिडकीतून उत्तर आलं. "ते काहीतरी सांगायला आले होते आणि जाळीविषयी बोलून निघून गेले. जाळी अजिबात सैल नव्हती. मी तपासली."

खेळाडू हसायला लागले. सेक्रेटरीबाई मात्र हसू दाबत म्हणाल्या, "रविवारच्या सामन्याआधी हे सगळं हिरवं दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मामा खुरपं घेऊन गुडघ्यांवर बसले. जाळीबाई हिरवळीचे तुकडे रचलेली पाटी घेऊन शेजारी आल्या.

"इथे नवं गवत जगेल का? औषध असेल ना खाली?"

"हे औषध मातीला चिकटून बसतं. मातीतून मुळांना त्याचा त्रास होत नाही," मामा म्हणाले. या विषयावर त्यांची जीभ कशी सुरळीत चालत असे. त्याच ओघात त्यांनी पुढचंही बोलून टाकलं. "आणि मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमची हरकत नसेल तर."

जाळीबाईंनी एक तुकडा खड्ड्यात बसवला आणि तळहाताने दाबला. "चहा प्यायला आला असतात तर त्या दिवशीच हो म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आता आधी हे सगळं लावून होऊ दे."

दुपारी मुलगी डबा घेऊन आली तेव्हा दोघं कुंपणापाशी पोचली होती, हात कोपरापर्यंत मातीने माखलेले. मामांनी बातमी सांगितली. ती खाली बसली, तिने डबा उघडला आणि पोळ्या मोजून कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, आधी सांगितलं असतंस तर चार जास्त केल्या असत्या," ती म्हणाली आणि जाळीबाईंना म्हणाली, "हात धुऊन या. साबण लावून."