सायखोऱ्याचं बियाणं

नितीनने फळ्यावरचं ‘देसी रेड’ खोडलं आणि मार्करचं टोपण दातात धरून तो पुढचं नाव लिहू लागला.

“अरे साईं, तो माझावाला होता,” मुकेश म्हणाला. “बोलायला सोपा. गिऱ्हाइकाची जीभ अडकली की तो बाजूची बाटली मागतो.”

“देसी नावाच्या तीन बिअर आधीच आहेत, मुकेशभाई.”

“मग? आमच्या सिंधी कॅम्पात एका गल्लीत चार ‘न्यू फॅशन टेलर’ आहेत. चारही चालतात.”

हर्षदा लॅपटॉपवरून मान वर न करता हसली. लेबलवर तिने भाताची लोंबी काढली होती आणि लोंबीखाली नावासाठी जागा मोकळी ठेवली होती. लेबल मंजुरीसाठी आज पाचच्या आत पाठवायचं होतं. घड्याळात सव्वाचार झाले होते.

स्टीलच्या टाक्यांजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर इंदुबाई बसल्या होत्या. त्यांना या नावांशी काही देणंघेणं नव्हतं. चामटोलीहून अंबरनाथ एमआयडीसीतल्या या शेडपर्यंत त्या बियाण्यासाठी आल्या होत्या. लाल भाताच्या बियाण्याचा, पेंढ्यात बांधलेला मुडा दिवाळीनंतर चुकून विक्रीच्या पोत्यांबरोबर टेम्पोत चढला, असं त्यांचा मुलगा कैलास म्हणाला होता. “नितीनकडे नीट ठेवलाय, आणतो,” असं म्हणत त्याने शिमगा काढला, अक्षय्य तृतीया काढली. आज सकाळी इंदुबाईंनी पातळ बदललं आणि त्या त्याच्या आधी रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या.

“आधी नाव ठरू दे त्यांचं,” कैलास दारातच म्हणाला होता. “मग मी विचारतो.” आधीची कंपनी बंद पडल्यापासून तो इथेच कामाला होता. आत आल्यापासून तो टाकीचा एकच नळ पुसत होता.

“आजी, चव बघणार?” हर्षदाने विचारलं.

“दारू ना ती?”

“बिअर आहे. सौम्य असते.”

“म्हंजे फेसाची दारू,” इंदुबाई म्हणाल्या, आणि मुकेश टेबलावर थाप मारून हसला.

“बघा! हेच नाव टाका. फेसाची दारू. एक नंबर.”

इंदुबाईंनी पेला हातात घेतला, नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. त्यांच्या भाताचा वास त्यात कुठेच नव्हता. त्याची पेज चुलीवर असली की आळीतली पोरं ताटल्या घेऊन यायची. लाल, जरा चिकट पेज. वर तूप नाही, नुसतं मीठ. बाळंतिणीला दुसरं काही द्यायचेच नाहीत. पुढे सगळ्यांनी बुटके, भरघोस भात लावले, आणि हा उंच वाढून वाऱ्यात आडवा होणारा भात एकट्या इंदुबाईंच्या खाचरात राहिला.

“या भाताला नाव काय, मावशी?” नितीनने विचारलं. “म्हणजे जात कुठली?”

“आम्ही लाल भातच म्हणायचो. आमच्या सायखोऱ्याचा भात.”

“सायखोरं म्हणजे?”

“माझं माहेर. धरणात गेलं.” त्या थांबल्या. कोणी मध्ये बोललं नाही म्हणून पुढे म्हणाल्या, “गाव उठायचं ठरलं तवा आईनं मला बोलावून घेतलं. भांडीकुंडी भावांना दिली. मला म्हणाली, तुझ्या वाटेला हा मुडा. दुसरं काय मागू नको.”

हर्षदाची बोटं थांबली. नितीनने टोपण दातातून काढलं आणि बाकीची नावं पुसून फळ्याच्या मधोमध लिहिलं: सायखोरे.

“सायखोरे,” मुकेशने म्हणून पाहिलं. पुन्हा म्हणून पाहिलं. “सॉलिड आहे यार. जीभ अडकते थोडी, पण अडकू दे. एक सायखोरे देना. दो सायखोरे देना. चालेल!”

इंदुबाईंना फार वाचता येत नव्हतं, पण ती चार अक्षरं त्यांनी ओळखली. एकेकाळी ती शाळेच्या भिंतीवर होती. त्यांनी पदर नीट केला. कितीतरी वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी ते नाव ऐकलं नव्हतं. त्यांना वाटलं, मुडा मागायला याहून चांगली वेळ येणार नाही.

हर्षदाने नाव लोंबीखाली बसवलं. सगळे तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

“पुढच्या वर्षी डबल माल पाहिजे, मावशी,” मुकेश म्हणाला. “मी आत्ताच सांगून ठेवतो.”

“होईल की,” इंदुबाई म्हणाल्या. “माझा मुडा तेवढा द्या. सगळा नको. दोन पायल्या दिल्या तरी हळूहळू वाढवीन मी.”

“कुठला मुडा?”

“बियाण्याचा. तुमच्याकडं ठेवलाय तो.”

नितीनने कैलासकडे पाहिलं. कैलास नळाशी वाकलेलाच राहिला.

“मावशी, आमच्याकडे भात आलाच नाही,” नितीन सावकाश म्हणाला. “गिरणीतून तांदूळ आला. भरडून टरफल काढलेला. तो या टाकीत गेला सगळा.”

“तसं नाय. तो येगळा बांधलेला होता.”

“घाणा पुरा होत नव्हता,” कैलास नळाकडे बघत म्हणाला. “गिरणीवाला अर्ध्या घाण्याला मशीन लावीना. टेम्पो उभा होता. मी मुडा सोडला आन् ओतला त्यात.”

इंदुबाईंनी आधी टाकीकडे पाहिलं, मग पोराच्या पाठीकडे. मुकेश घसा खाकरून म्हणाला, “टेन्शन नको, मावशी. लाल तांदूळ कर्जतला मिळतो, आम्ही तिकडून उचलू. नाव तर हेच राहणार. तुमच्या गावाचं नाव कुठे जात नाही.”

“ते पुसा,” इंदुबाई म्हणाल्या.

“काय?”

“नाव. दुसऱ्याच्या भाताला ते नको. पुसा ते.”

नितीनने खरंच डस्टर उचलला आणि फळा पुसला. पण हर्षदा जागची हलली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता.

“आजी, मी लेबल पाठवलं,” ती म्हणाली. “आत्ता, तुम्ही बोलत होता तेव्हाच. सॉरी.”

इंदुबाईंनी मान हलवली. पोरीचा काय दोष. खुर्चीच्या हाताला धरून त्या उठल्या. नितीन सोडायला दारापर्यंत आला.

बाहेर ऊन उतरलं नव्हतं. कंपन्यांच्या भिंतींच्या कडेने मायलेक रिक्षाच्या नाक्याकडे चालू लागले. नाल्याचा उग्र वास येत होता. कैलास दोन पावलं मागे होता.

“म्हंजे त्याच दिवशी,” इंदुबाई पुढे बघत म्हणाल्या. “टेम्पो गेला त्याच दिवशी तुला ठावं होतं.”

“हो.”

त्या आणखी थोडं चालल्या आणि थांबल्या.

“मग गेल्या आठवड्यात राब कशाला भाजलास?”

पाच दिवसांपूर्वी दोघांनी मिळून रोपासाठी ती जागा भाजली होती. शेण, पालापाचोळा, वर माती. वाऱ्याची दिशा बघून कैलासने आग लावली होती आणि संध्याकाळपर्यंत काठी घेऊन तो कडेला उभा होता. धग पुरी खोल गेली पाहिजे, असं त्या सांगत होत्या, आणि तो दर वेळी होय म्हणत होता.

शिफ्ट सुटलेल्या माणसांनी भरलेली एक रिक्षा शेजारून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत कैलास तिच्याकडे पाहत राहिला.

“तू पाला गोळा करून ठेवला होतास, आई,” तो म्हणाला.