उलटा करा नि गुणा

"बाई, राग येणार नसेल तर वाचतो," विज्ञानाचे सर वही उघडत म्हणाले.

गणिताच्या बाईंना राग आधीच आला होता. शाळेत नवीनच सुरू झालं होतं : शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला मागे बसायचं, दिसेल ते लिहायचं आणि मग त्यावर बोलायचं. एकतीस वर्षं शिकवल्यावर आता आपली परीक्षा, आणि परीक्षक कोण, तर आपल्याच हाताखाली शिकलेला. गुरूची विद्या गुरूला म्हणतात ती हीच. चारचौघांत बाई त्याला सर म्हणत, पण आज शिक्षकांच्या खोलीत दोघंच होते.

"वाच बाबा. होऊन जाऊ दे."

त्याने वाचलं. धडा अपूर्णांकांच्या भागाकाराचा. 'समजलं ना?' असं बाईंनी तासात बावीस वेळा विचारलं होतं आणि बावीसही वेळा वर्ग 'हो' म्हणाला होता. समजलं म्हणूनच म्हणाली ना पोरं, असं बाईंनी जरा तोऱ्यातच विचारलं.

तो वहीतच बघत राहिला. "मीसुद्धा हो म्हणायचो, बाई."

बाईंना थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्याला गणितात पैकीच्या पैकी मिळायचे. त्याचं उदाहरण त्या अजून दरवर्षी वर्गाला देत.

"दुसरा अपूर्णांक उलटा करा नि गुणा, असं तुम्ही सांगायचात. मी करायचो, उत्तर बरोबर यायचं. पण उलटा का करायचा?"

"का म्हणजे? नियमच आहे तो," बाई बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच ते पटलं नाही. त्यांनी पुस्तक उघडलं. नियम चौकटीत छापला होता, कारण कुठेच नव्हतं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. इतक्या वर्षांत किती वर्ग हाताखालून गेले, त्यांना आता गाठायचं कुठे? उद्या पुन्हा तोच तास होता. बरं नाही म्हणून कळवावं, असंही एकदा मनात आलं.

पण दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. फळ्यावर अर्धा भागिले पाव असं लिहून म्हणाल्या, "हा पाव उलटा का करतात, ते मला माहीत नाही. कधी शोधलंच नाही."

मग एका मुलीने वहीचं पान फाडलं, अर्धं केलं आणि त्या अर्ध्यात पाव किती बसतात ते घड्या घालून बघू लागली.

बाई तिच्या बाकापाशी आल्या. "सरक थोडी. मलाही बघू दे," म्हणाल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.