पिवळा पंख

पैज लागली ती आमच्या सोपोत गावात, गल्लीतल्या चेरीच्या झाडाखाली. मी, शेजारचा पेन्यो आणि समोरचा दोब्री, तिघंही पॅराग्लायडिंगचे वेडे. दोब्रीच्या व्हॅनमधून पंधरा दिवस युरोपभर उडायला निघणार होतो. पेन्यो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, पाऊस लागला की हा स्टोइलच आधी रडेल. ठरलं: आम्हा दोघांत जो पहिल्यांदा 'घरी जाऊ' म्हणेल, त्याने दुसऱ्याला वाळू वाहायच्या एकचाकी गाडीत बसवून भर बाजाराच्या दिवशी चौकाला तीन फेऱ्या मारायच्या. पेन्योची बायको रुसांका म्हणाली, वयं बघा तुमची.

स्लोव्हेनियात पोचलो आणि आभाळाचं डोकं फिरलं. सकाळी ऊन, दहाला वारा, दुपारी गारा. चार दिवस व्हॅनमध्ये मोजे वाळवत बसलो. कंटाळा आला की मला खोड्या सुचतात.

आमच्यात एक नियम आहे. उतरलं की पंख, म्हणजे ग्लायडरचं कापड, लगेच गोळा करायचा. पसरलेला दिसला तर माणसाला लागलंय, धावा. पाचव्या दिवशी उघडीप मिळाली. मी डोंगरातल्या एका कुरणात उतरलो, पंख तसाच ठेवला आणि झुडपामागे लपलो. पेन्यो पाऊण तास चढून आला, तोंड पांढरंफटक. मी बाहेर येऊन त्याच्या हातात सॉसेज दिलं. तो दगडावर बसला आणि म्हणाला, "लेका, याची परतफेड होणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि दोब्री खाली उतरून जेवत होतो. समोरच्या उतारावर पेन्योचा पिवळा पंख पसरलेला. रेडिओवर उत्तर नाही. दोब्री उठला.

"बस रे," मी म्हटलं. "हसत बसला असेल झुडपामागे."

मी त्या पंखाकडे बघून राकियाचा, आमच्याकडच्या फळांच्या दारूचा, पेला उंचावला. दोब्रीही हसला.

चाळीस मिनिटं गेली. मग थेंब पडायला लागले. पंख तसाच. मी हातातला घास खाली ठेवला. पेन्यो स्वतः भिजेल, पण पंख भिजू देणार नाही. घरी तो कपाटात पंख ठेवतो आणि रुसांकाचे कोट बाहेर.

दोब्रीने बचावपथकाला फोन लावला, मी पळत सुटलो. हेलिकॉप्टर आलं, पण तोवर ढग उतारावर येऊन बसले होते. ते परत गेलं. आम्ही जेवत होतो तेव्हा तिथलं झाड न् झाड दिसत होतं.

पेन्यो उताणा पडला होता. पाय जाणवत नाहीत म्हणाला. स्ट्रेचरवाले चालत यायला चार तास लागले. मी त्याच्या तोंडावर जॅकेट धरून बसलो.

"खाली हसत होतात ना?" त्याने विचारलं.

"हो. चाळीस मिनिटं."

त्याने डोळे मिटले. मी घाबरून काहीबाही बडबडत सुटलो. "पेन्यो, डोळे उघड. घरी जाऊ आपण."

त्याने डोळे उघडले. "हरलास."

ऑक्टोबरात त्याला घरी आणलं. लवकर पोचलो असतो तर पाय वाचले असते का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. रुसांकाने विचारलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

बाजाराच्या दिवशी पेन्यो चाकांच्या खुर्चीतून आला आणि म्हणाला, गाडी आण. मी त्याला उचलून गाडीत ठेवलं, पाय आत घेतले, पट्ट्याने बांधलं. पहिल्या फेरीला लोक हसले. दुसरीला हसले नाहीत. तिसरीला मिरच्यांच्या ढिगापाशी उभ्या रुसांकाने पाठ फिरवली.

"झाल्या तीन," मी म्हटलं.

"चाळीस," पेन्यो म्हणाला.

मी दांडे उचलले.