आर्लिसची उंची

"बाई, तुमच्या बुटाचा नंबर काय?"

कोच डनिंग यांनी हे विचारलं तेव्हा आर्लिस कुस्करलेल्या बटाट्यांचं भांडं टेबलावर ठेवत होती. शेहेचाळीस वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढलेली बाई. परका पुरुष घरी जेवायला येतो आणि पहिल्या घासाआधी बुटाचा नंबर विचारतो, असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं.

"बारा," ती म्हणाली. "पुरुषांच्यातला. बायकांच्यात माझ्या मापाचा मिळतच नाही."

"बारा!" कोचनी चमचा खाली ठेवला. "रोली, ऐकलंत का?"

"रोज दारात अडखळतो त्या बुटांना," रोली म्हणाला. हा तिचा नवरा. आसपासच्या शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. उंचीने बायकोच्या खांद्याच्या जरा वर आणि त्याबद्दल तक्रार अजिबात नसलेला.

टेबलाच्या चौथ्या बाजूला ट्रेंट बसला होता. वय सतरा, उंची सहा फूट साडेतीन इंच, आणि त्या वेळी ताटात मांसाचा पाचवा तुकडा. सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चालला होता. कोच डनिंग राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे लाइनचे कोच; फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू हातात धरून पळायचा. लाइन म्हणजे ती पुढची पाच धिप्पाड पोरं, जी स्वतः चेंडूला हात लावत नाहीत, दुसऱ्याला वाट मोकळी करून देतात आणि पेपरात ज्यांचं नाव कधी येत नाही. चेंडू घेऊन पळणारी पोरं विद्यापीठ कुठूनही आणायचं, पण लाइनसाठी आपल्या नेब्रास्का राज्यातलीच पोरं हवीत, असा तिथला जुना हट्ट होता. म्हणून दर जानेवारीत डनिंग बर्फातून गाडी हाकत गावोगाव फिरायचे आणि घरोघरी जेवायचे. त्यांचं पोटही त्याची साक्ष देत होतं.

"स्पष्टच सांगतो," ते म्हणाले. "यंदा राज्यातल्या लाइनमनसाठी माझ्याकडे एकच शिष्यवृत्ती उरलीय. आणि पोरं दोन. दुसरा पश्चिमेकडचा आहे, आजच सहा फूट पाच इंच. पण पाय जड. ट्रेंटचे पाय मी कुस्तीच्या आखाड्यात बघितलेत, मांजरासारखे आहेत. फक्त दीड इंच कमी पडतोय. आता प्रश्न एवढाच की हा वाढणार का?"

"वाढेल की," रोली म्हणाला.

"तुमच्याकडे मी बघतच नाही, रोली. राग मानू नका. बापाच्या उंचीवर काही ठरत नाही. चोवीस वर्षं मी लाइनमन निवडतोय, ते आया बघून. मनगट, पाऊल, खांदे. पोराचं हाड आईचं असतं." त्यांनी आर्लिसकडे मान वळवली. "उभ्या राहता का जरा? किती, सहा-एक?"

"सहा-एक," ती उठून म्हणाली.

"मग हा सहा-पाच होणार. मी पैज लावतो."

आर्लिस उभीच राहिली. तिला बसवेना. आठवीपासून ती वर्गात सगळ्यांहून उंच. शाळेच्या नाचाला भिंतीशी बसून तिने चार वर्षं सरबत प्यायलं. फोटोत कायम मागची रांग, चर्चच्या गाण्यातही मागचीच रांग. दुकानात पाठमोरी उभी असली की हमखास कुणीतरी "साहेब" म्हणून हाक मारायचं. रोलीने तिला लग्नाचं विचारलं तेच मुळी ट्रकच्या मागच्या फळीवर चढून. आणि आज हा माणूस तिच्याकडे जत्रेत बक्षीस मिळवलेल्या गाईकडे बघावं तसा बघत होता. खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण तिला इतकं बरं वाटलं की कानापर्यंत लाली चढली.

मग तिने टेबलाकडे बघितलं. ट्रेंटचं चावणं थांबलं होतं. रोली लोणी लावलेल्या पावाला पुन्हा लोणी लावत होता.

ट्रेंट तिच्या पोटचा नव्हता. त्याची आई जोलीन. पाच फूट दोन इंच उंचीची, पंचविशीतली, हसरी मुलगी. ट्रेंट दीड वर्षाचा असताना तिची गाडी बर्फावरून घसरली आणि ती गेली. आर्लिस या घरात आली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. एका पायात मोजा, दुसरा मोजा हातात. त्याने तिला नखशिखांत बघितलं, त्याला बराच वेळ लागला, आणि विचारलं, "तू राहणार आहेस का?" ती म्हणाली, राहणार आहे. दोन महिन्यांनी तो आपणहून आई म्हणायला लागला. बेल्डर हे चारशे वस्तीचं गाव. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि चौदा वर्षांत सगळे ते विसरूनही गेले होते. सावत्र हा शब्द त्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता, त्यामुळे तो कसा उच्चारायचा याची कुणाला सवयच नव्हती.

"कोच," आर्लिस म्हणाली, "एक गोष्ट..."

"आई, पाव दे ना," ट्रेंट मध्येच बोलला. पाव त्याच्या कोपराशीच होता. तिने तो उचलून त्याला दिला आणि खाली बसली.

"उद्या शाळेत येतो, मार्कांचा कागद घ्यायला," जाताना कोच म्हणाले. "पक्कं काय ते तिथेच सांगतो. आणि बाई, बटाटे झकास होते."

गाडी गेल्यावर रोलीने न सांगता भांडी पुसायला घेतली, तेव्हाच तिने ओळखलं की आता वकिली सुरू होणार.

"तू काही खोटं बोलली नाहीस," तो म्हणाला. "त्याने नंबर विचारला, तू नंबर सांगितलास."

"रोली."

"बरं बाबा. मी आपला भांडी पुसतो."

ट्रेंट दाराची चौकट भरून उभा होता. "आई, एक सांग. तू माझी आई आहेस का नाहीस?"

"आहे."

"मग झालं तर. विषय संपला."

पोरगं मैदानात कसं ढकलतं ते गावाला माहीत होतं. बोलण्यातही तसंच ढकलायचं. आर्लिसने हात पुसले.

"दोन वर्षांनी तू तिथे उभा असशील, सहा-साडेतीनच. तो माणूस रोज तुझ्याकडे बघेल आणि स्वतःला विचारेल, माझं काय चुकलं. तुला उत्तर माहीत असेल. मग?"

"मी वाढेन."

"वाढलास तर आनंदच आहे. पण त्याने पैज तुझ्यावर नाही लावली, माझ्या पायांवर लावलीय. आणि तिकडे त्या दुसऱ्या पोराची आई असेल की नाही? बिचारी साडेपाच फूट असेल. तिच्याकडे बघून याने मान हलवली असेल."

"मला हे हवंय, आई." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "लहानपणापासून दुसरं काही मागितलंय का मी? तू फक्त गप्प बस. एवढंच कर."

तो खोलीत गेला आणि दार असं आपटलं की फडताळातल्या बशा वाजल्या.

आर्लिसला त्याचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. पोरासाठी गप्प बसले, असं म्हणणं सोपं होतं, पण ते पुरतं खरं नव्हतं. ती गप्प बसली कारण तिला ते ऐकायचं होतं. या पोराचं हाड तुमचं आहे, असं कुणीतरी जाणत्या माणसाने म्हणावं, हे तिला चौदा वर्षं हवं होतं आणि हवं आहे हे तिला त्या टेबलाशी उभं राहीपर्यंत ठाऊकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. म्हणजे चिली, खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल. राज्यभरातल्या शाळांत ही जोडी ठरलेली, आणि बाहेरच्यांना ती विचित्र वाटते म्हणून गावकऱ्यांना तिचा जास्तच अभिमान. साडेदहाला कोच डनिंग वासाच्या मागावर थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत आले. आर्लिसने भट्टीतून काढलेला पहिला रोल त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं.

"कोच, ट्रेंट माझ्या पोटचा नाही."

रोल तोंडाशी जाता जाता थांबला.

"त्याची आई जोलीन. ती गेली. पाच फूट दोन इंच होती. मी नंतर आले."

कोच दुधाच्या रिकाम्या क्रेटवर बसले. क्रेट कुरकुरला. "काल बोलला नाहीत."

"काल मला आवडलं ते. एवढ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या उंचीचं कौतुक केलं. म्हणून गप्प बसले. आज सांगतेय."

"मला कधी कळलं नसतं, बाई."

"म्हणूनच सांगायला लागलं. आणि आता थांबा, माझं संपलं नाहीये." तिने रोलचा दुसरा ट्रे आत सरकवला आणि भट्टीचं दार लावलं. या स्वयंपाकघरात ती राणी होती, इथे तिला शब्द शोधावे लागत नसत. "हाड माझं नाही. पण तो साडेपाचला न उठवता उठतो, ते माझं. मैदानात शिव्या खाऊन उलट बोलत नाही, तेही माझं. घरी बोलतो, तो भाग सोडा. गेल्या साली घोटा सुजलेला असताना कुणाला न सांगता खेळला, तो मूर्खपणा बापाचा. दुसऱ्या दिवशी त्याचा कान धरून मी डॉक्टरकडे नेलं, आणि तो मुकाट आला. त्याचे पाय मांजरासारखे का आहेत, माहीत आहे? जोलीन नाचायची. सुरेख नाचायची, सगळं गाव बघत बसायचं. ते तिचं आहे. तेही लिहा तुमच्या वहीत. आमच्या दोघींकडून मिळून जेवढं आलंय तेवढं त्याच्याकडे आहे. दीड इंच नाही."

कोचनी रोल सावकाश संपवला. माणूस खाताना विचार करणारा होता.

"शिष्यवृत्ती मी आता त्याला देऊ शकत नाही," ते शेवटी म्हणाले. "एकच आहे. ती पश्चिमेच्या पोराला जाणार."

"माहीत आहे."

"पण स्वतःच्या खर्चाने येत असेल तर संघाचं दार उघडं आहे. दोन वर्षं घाम गाळायचा, सगळ्यांत शेवटी जेवायचं, आणि जागा कमावली तर शिष्यवृत्ती मागाहून. आपल्याकडची कितीतरी पोरं अशीच वर आलीत. मी नुसतं गोड बोलत नाहीये, मला तो हवाय."

"ते त्याला विचारा. मला नका विचारू."

ट्रेंटला वर्गातून बोलावलं. तो स्वयंपाकघराच्या दारात आला, कोचचा चेहरा बघितला, आईचा बघितला, आणि कुणी काही बोलायच्या आत त्याला कळलं.

"सांगितलंस."

"सांगितलं."

कोचनी त्याला सगळं नीट समजावलं, मोठ्या माणसाशी बोलावं तसं, आणि नव्या खेळाडूंचा माहितीचा कागद पुढे केला. यायचं असेल तर भरून दे, नसेल यायचं तर फाडून टाक, मी जेवून निघतो. ट्रेंटने कागद घेतला. त्याचे डोळे भरले होते. शाळेत पोरांना रडायला जागा नसते, म्हणून तो तसाच वळून गेला.

"येईल तो," कोच म्हणाले.

"येईल हो. पण माझ्याशी बोलेल का ते सांगा."

कोच चिलीचा वाडगा घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले.

बाराला घंटा झाली. आर्लिस एका खिडकीवर, तिची जोडीदारीण बर्निस दुसऱ्या. लहान वर्ग आधी, मोठी पोरं शेवटी. आर्लिस चिली वाढत होती आणि वाढता वाढता दाराकडे बघत होती. दोनदा तिने एकाच मुलीला रोल दिले, ती मुलगी अर्थातच काही बोलली नाही. मोठ्यांची रांग आली. ट्रेंट सगळ्यांत मागे होता. बर्निसची रांग आखूड होती, तिथे दोनच जण उरले होते. आर्लिसने नजर खाली घातली आणि वाढत राहिली.

ताट समोर आलं. हात तिच्या ओळखीचे होते.

"तीन रोल."

"दोनच मिळतात."

"मग दोन."

तिने दोन ठेवले. त्याने ताटाशेजारी तो कागद पसरला. डोळे अजून लाल होते, तोंड फुगलेलं, अक्षर मात्र नीट काढलेलं. नाव, गाव, स्वतःची उंची: सहा फूट साडेतीन इंच. खाली कोचनी आपल्या हौसेने छापून घेतलेल्या दोन ओळी, वडिलांच्या आणि आईच्या. आईचं नाव: आर्लिस वॉन्ड्रासेक. आईची उंची: सहा फूट एक इंच.

"ट्रेंट, अरे, हे..." तिने डाव खाली ठेवला. "मी आत्ताच त्यांना सांगितलं ना. हे कसं लिहितोस?"

"त्यांना माहीत आहे, म्हणूनच लिहिलं," तो म्हणाला. "काल लिहिलं असतं तर फसवणूक झाली असती. आईची उंची विचारलीय. तुझी एवढीच आहे ना?"

"एवढीच आहे."

"मग."

बर्निसची रांग संपली होती आणि ती कान टवकारून ऐकत होती. कोच डनिंग वाडगा परत ठेवायला आले. त्यांनी कागद उचलला, वरून खालपर्यंत वाचला, आईच्या ओळीशी आल्यावर पुन्हा वाचला. मग खिशातून पेन काढून ट्रेंटच्या हातात दिलं.

"वजन लिहायचं राहिलंय," ते म्हणाले. "तुझं."

ट्रेंटने वजन लिहिलं. कोचनी कागदाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आर्लिसकडे बघून टोपीला हात लावला आणि गाडीकडे निघाले. त्यांना अंधार पडायच्या आत पश्चिमेकडे दीडशे मैल गाठायचे होते.

मागून एक उशिरा आलेला दुसरीतला मुलगा ताट पुढे करून उभा होता. आर्लिसने डाव भरला, वाडग्यात ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला. चिली काठावरून ताटात आली.

"आर्लिस काकू," तो म्हणाला, "पुरे."